खोटे उपवास

"उपवास सुटला की या," असं ती म्हणायची आणि हसायची. मला उपवास नाही, हे तिला माहीत असायचं.

उल्हासनगरच्या चाळीत तिची खोली माझ्या शेजारी. दोघी ओट्यावर बसून कारखान्यातून आलेल्या जीन्सचे धागे कापायचो. पावसाळ्यात बौद्धांचा वर्षावास लागला की विहारात रोज ग्रंथवाचन आणि आश्विन पौर्णिमेला ग्रंथ पुरा झाला की खीर. ती सगळ्यांना बोलवायची. "ऐकायला या. पटलं नाही तर तिथंच सोडा, खीर मात्र खाऊन जा."

कारखान्याच्या सिंधी शेठची बायको एकदा जाऊन आली. "बहुत अच्छा सुनाया, समझा कुछ नहीं," म्हणाली आणि दोन वाट्या खीर खाल्ली.

मी गेले नाही. कधी चतुर्थी, कधी गुरुवार. खरं कारण सांगते, आता या वयात लपवून काय करू? तिच्या हातचं मला चालत नव्हतं. तिची कात्री चालायची, कप चालायचा नाही.

एकदा मी एकादशी सांगितली. "काकी, एकादशी परवा झाली," ती म्हणाली. "असू द्या. तुमच्या देवाला एक जास्तीची."

धर्माचं बोलावणं करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नाही म्हटलं की तोंड फिरवतात. ही पुढच्या साली पुन्हा दारात.

गेल्या वर्षावासात तिला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. विहारात जाणं बंद झालं. एका रविवारी मी दारातून डोकावले.

"या की. आज काय आहे?"

"काही नाही. सुनेला चहा ठेवायला सांग."

चहा प्यायले. तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं. माझ्या कपाकडे बघत म्हणाली, "साखर बरोबर आहे ना?"

मग ग्रंथ पुढे सरकवला. "मला वाचता येत नाही. सून दिवसभर कामाला. पौर्णिमेपर्यंत पुरा होईल?"

"माझी चौथी झालीय. अडखळत वाचते."

"मला कुठं घाई आहे?"

घाई होती. दोघींना ठाऊक होतं.

रोज दुपारी वाचायचे. पाली भाषेतलं काही आलं की मी अडकायचे. तिला ते पाठ. ओठ हलवून पुढचं सांगायची. एकदा विचारलं, "मला तुमच्यात ओढतेस का गं?"

"ओढायला अंगात जोर कुठाय? बसा म्हणते, एवढंच."

पौर्णिमेला बारा दिवस असताना ती गेली. मी बौद्ध झाले नाही, घरी गणपतीच आहे. तरी रोज दुपारी तिच्या खाटेजवळ जाऊन वाचत राहिले. सून म्हणाली, "आता कुणासाठी, काकी?" मी पान उलटलं.

खोली भाड्याची होती. तिच्या मुलानं बदलापूरला घर बघितलं. पौर्णिमेच्या दिवशी टेम्पो आला तेव्हा दोन पानं उरली होती. हमालांनी खाट उचलली, तशी मी फरशीवर बसले. बाहेरून हॉर्न वाजत होता. मुलगा किल्ली घेऊन दारात उभा राहिला. मी अक्षराला अक्षर लावत वाचत होते. मला तसंच येतं.