भरल्या पटात मारलेली हाक

माझा आवाज मोठा. माहेरी वडनेरला बाबांना जेवायला बोलवायचं तर मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून हाक मारायची, आणि बाबांच्या आधी शेजारच्या वावरातली माणसं हातपाय धुवायला लागायची. नव्वद सालानंतर लग्न होऊन सिंदीला आले, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरात, आणि हा आवाज लग्नातल्या शालूसारखा घडी घालून ठेवावा लागला. सासऱ्यांसमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, चहा दारातून द्यायचा, विचारलं तर ‘हाव’ नाहीतर ‘नाई’. मी नियम पाळत होते. ते मला पटले होते असं मात्र कोणी समजू नये.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, माणूस सरळ पण नादिष्ट. सौद्यासाठी नागपूरला गेले आणि ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले. विलायती जात, व्हिपेट. खास पळायचा कुत्रा. लांब तोंड, काडीसारखे पाय, पोट पाठीला चिकटलेलं. बाजारात जो तो विचारायचा, "काऊन शेठजी, कुत्र्याले उपाशी ठेवून राह्यले का?" मामाजी चिडायचे नाहीत. म्हणायचे, "पटात पाहजा, मंग बोलजा."

पट म्हणजे आमच्याकडचा शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. एकेक जोडी सुटते आणि निकाल सेकंदांवर लागतो. आंजीकडच्या एका गावात बैलांच्या फेऱ्या थांबल्या की मधल्या वेळात हौशी लोक कुत्रे पळवायचे, तेही तसेच, एकेक, घड्याळावर. मामाजींना तिथं नंबर काढायचा होता.

सासूबाईंना तो कुत्रा डोळ्यासमोर नको होता. आमच्या घरात कधी अंडं आलं नव्हतं, आणि मामाजी गोठ्यात स्टोव्ह मांडून कुत्र्यासाठी अंडी उकडायला लागले! सासूबाईंनी एक दिवस ऐकवून टाकलं, "या पटात नंबर नाई आला, तं हे जनावर ज्याचं त्याले वापस. माह्या घरात नाई राहणार." मामाजींनी मान डोलावली. दाराआड उभी राहून मी देवाला नंबर मागितला. कारण कुत्रा अंडी मामाजींची खायचा आणि येऊन बसायचा माझ्या पायाशी. संध्याकाळची दूध-पोळी मी घालायची, ‘यू यू’ करून बोलवायची. त्या नव्या घरात काही काम नसताना माझ्याजवळ येणारा तो एकटाच होता. तो जाणार म्हटलं की मला रडू यायचं.

सराव चालायचा जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मैदानात. हे, म्हणजे आमचे नवरोबा, मोपेडला चिंधी बांधून पुढे जायचे आणि कुत्रा चिंधीच्या मागे. शेवटच्या खांबापाशी मामाजी मनगट डोळ्याजवळ धरून उभे. वेळ हळूहळू सुधारत होती, मामाजी खुशीत होते. आणि पट तोंडावर आला असताना पटवाल्यांचा निरोप आला, गाडीबिडी चालणार नाही, बैल बुजतात. एकानं कुत्रा सोडायचा, दुसऱ्यानं पलीकडून हाक मारायची.

झालं! मामाजींनी शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या, रुमाल हलवला. कुत्रा दोन उड्या मारून सरकीच्या ढिगाचा वास घेत बसला. हे ओरडले तेव्हा त्यानं यांच्याकडे बघून जांभई दिली.

तशात एका दुपारी मी डबा घेऊन मैदानावर गेले. पलीकडच्या टोकाला हे कुत्र्याला धरून बसलेले, अलीकडे मामाजी, मला पाठमोरे. कुत्र्यानं मला पाहिलं. मी ओठातल्या ओठात ‘यू यू’ केलं आणि तो यांच्या हातातून असा सुटला की बाप्पा! मामाजींनी घड्याळ पाहिलं, हलवलं, कानाला लावलं. "बिघडलं वाट्टे," म्हणाले, आणि संध्याकाळी खरोखरच ते दुरुस्तीला टाकून आले. घड्याळवाल्यानं काही बिघाड नाही म्हणून परत दिलं, तर त्याच्यावरच उखडले.

मला राहवेना. चहा देताना दारातूनच बोलले, "मामाजी, घड्याळ बरोबर हाये. तो माह्याकडे पळाला."

"म्हणजे?" सासूबाईंनीच आधी विचारलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "भरल्या पटात सुनेले बोंबलाले लावता का आता?" हे छताकडे बघत राहिले. मामाजी चहा घेऊन गोठ्यात निघून गेले. पटाच्या दिवशी सकाळी मात्र जीपमध्ये कुत्र्याच्या शेजारी माझी जागा ठेवलेली होती. सासूबाई आल्या नाहीत.

पटावर ही गर्दी! बायका ट्रॉल्यांमध्ये बसलेल्या, आणि धावपट्टीच्या शेवटी डोक्यावर पदर घेऊन एकटी मी उभी. पार तिकडच्या टोकाला मामाजी कुत्र्याचा पट्टा धरून, शेजारी हे. भोंग्यावर आमचा पुकारा झाला. मी ‘यू यू’ केलं, पण बाहेर आला तो चहा देतानाचा आवाज. त्या गलक्यात माझा मलाच ऐकू आला नाही, कुत्रा तर भलतीकडेच बघत होता. कोणीतरी ओरडलं, "बाई, कुत्र्याले बोलावून राह्यल्या का देवाले?" सगळा पट हसला.

हसणाऱ्यांचं मला काही नव्हतं. अशा चारजणांना मी उभ्या उभ्या गार केलं असतं. पण समोर मामाजी होते, नीट माझ्याकडे बघत, आणि त्यांच्या नजरेसमोर माझा गळा उघडत नव्हता. पुन्हा प्रयत्न केला. तोच आवाज. आता गेला आपला कुत्रा, असं वाटून डोळे भरून आले.

माझा आवाज कशानं अडलाय ते मामाजींना इतक्या लांबून कसं कळलं, देव जाणे. त्यांनी पट्टा यांच्या हातात दिला आणि सरळ पाठ फिरवून उभे राहिले. घरात मी समोरून आले की ते तोंड वळवून मला वाट करून द्यायचे, अगदी तसे. तोंड बैलांकडे, पाठ धावपट्टीकडे.

मी पदर खांद्यावर पडू दिला आणि वडनेरचा आवाज काढला. "यू यू यूऽऽ! ये रे माह्या राजा, येऽऽ!" बैलांनी कान टवकारले. यांनी पट्टा सोडला आणि कुत्रा आला, कसा आला म्हणून सांगू! पांढरी रेघ ओलांडून थेट माझ्या छातीवर. मी धुळीत बसकण मारली आणि त्याच्या गळ्यात पडून रडले. भोंग्यावर सेकंद पुकारले. दुसरा नंबर.

पुकारा झाल्यावरच मामाजी वळले. वर्षभर अंडी उकडली, घड्याळात डोळे घातले, आणि ज्या पळण्यासाठी हे सगळं केलं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी नंबर ऐकला आणि कुत्र्याची थाळी आपल्या हातानं आत घेतली. मामाजी बंगईवर, झोपाळ्यावर, बसले. मी चहा घेऊन दारात थांबले तर म्हणाले, "सूनबाई, आत ये. अथी बस. कसा पळाला ते सांग."

मी जमिनीवर बसले आणि हळू आवाजात सांगायला लागले. कान मागे कसे पडले, चारही पाय जमिनीवरून कसे सुटले. मामाजी डोळे मिटून ऐकत होते. संपलं की म्हणायचे, "आणखी एक खेप सांग."

तिसऱ्या खेपेला स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अवो सूनबाई, जोरानं सांग ना. मलेबी ऐकू येऊ दे."