चुंबक आणि माझी जोडवी

पाहुण्या बाईंनी कागदावर आमची काळी भुकटी पसरली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. भुकटी त्याच्यामागे धावली.

कोळसा असा धावत नाही. धातूचा कणही नसलेला कोळसा केलाय, म्हणून तर हे पाहुणे बघायला आले होते.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं काम. जोडवी, मंगळसूत्र घालून प्रयोगशाळेत शिरते. सातवीतनं शाळा सोडलेली. या लोकांना कितीदा सांगायचं?"

सहा जण माझे पाय बघायला लागले. पाय मोकळे होते. जोडवी, मंगळसूत्र दारातल्या प्लॅस्टिकच्या डब्यात. रोज तिथंच असतात.

वाशीमकडून पनवेलला आले तेव्हा याच सरांनी काम दिलं. उपकार मानले. जरा जास्तच मानले. त्यांची गाडी आली की हातातलं टाकून उभी राहायचे. करवंट्या जाळायच्या, युरिया घालून भट्टीत तापवायच्या, मग दगडी खलात दोन तास हातानं घोटायचं. हवेतल्या ऑक्सिजनवर वीज करणाऱ्या बॅटरीत महागड्या प्लॅटिनमच्या जागी हा कोळसा चालावा, एवढ्यासाठी.

आदल्या दिवशी सरांना घाई. "घोटत काय बसलीस?" म्हणत त्यांनी भुकटी स्टीलच्या चक्कीत टाकली.

"सर, चक्कीचं लोखंड भुकटीत उतरेल."

"आता तू मला शिकवणार?"

नाही शिकवलं. माझी चूक तेवढीच.

पाहुणे चहाला वळले तेव्हा सरांनी कागद पुढे सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे.' खाली सहीची जागा.

बाटल्या धुणारी, इथल्याच खाडीकडच्या करंज्याची मीना हळूच म्हणाली, "सई नको करू गो. चूक त्याची हाय."

मी दारातला डबा आणला. पाहुण्यांसमोर कागदावर जोडवी ठेवली, मंगळसूत्र ठेवलं. खालून चुंबक फिरवला. काही हललं नाही.

"चांदी आणि सोनं आहे, सर. चुंबक ओढत नाही. हे सातवीच्या आत शिकवतात."

सर पाहुण्यांना बिस्किटं घ्या म्हणाले. एवढीच विद्या उरली होती त्यांच्याकडे.

सही केली नाही. उद्या काम राहील का, माहीत नाही. भीती आहे, ती राहू दे. भुकटीच्या बरणीवर नेहमी तारीख लिहिते, आज त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'स्टीलच्या चक्कीत दळली. सरांनी.'

यापुढे प्रत्येक बरणीवर ज्याचा हात, त्याचं नाव. माझं असेल तर माझंही.