निघताना ‘येते’

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी तीन वाजता नगरच्या दवाखान्यात मिसबाई गेल्या. मी मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांवर सह्या केल्या, गावी फोन केला आणि त्यांचा चष्मा पिशवीत ठेवला.

मिसबाई हे त्यांना गावाने दिलेलं नाव. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी त्या नॉर्वेहून मिशनरी नर्स म्हणून आल्या, तेव्हा मी शाळेत नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. मी इथल्याच ख्रिस्ती घरातली, म्हणून त्यांना भाषा शिकवायचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी एक तास. पुढे माझी आई वारली, मी एकटी उरले, आणि त्या एका तासाचं एका घरात राहणं झालं. सकाळी त्या मिशनच्या दवाखान्यात जखमा बांधायच्या, तान्ह्या पोरांची वजनं करायच्या. दुपारी आम्ही दोघी दोन खुर्च्यांत बसून वाचायचो. भाकरी त्यांना शेवटपर्यंत थापता आली नाही, कड तुटायचीच.

व्याकरण त्या माझ्याकडून शिकल्या, पण बोलणं शेजारच्या मामींकडून. मामी शेतकरी घरातल्या. आमच्या आणि त्यांच्या अंगणात फक्त मेंदीचं कुंपण. पहिल्याच महिन्यात मिसबाई दवाखान्याला निघताना म्हणाल्या, “मामी, मी जाते.”

मामींनी हातातला झाडू खाली टाकला. “बाई, जाते म्हनू न्हाई. येते म्हना.”

“पण मामी, मी तर जाते आहे.”

“व्हय, दिसतंय मला. तरी म्हनायचं येते. जाते म्हनून गेलेलं मानूस माघारी येत न्हाई.”

मिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ याचा नियम नव्हता. “लिहून घ्या,” एवढंच मी म्हणाले. त्यांनी वहीत लिहिलं : निघताना – येते.

मग तो शब्द त्यांच्या तोंडी असा बसला की त्या रुग्णांना, चर्चच्या पाळकसाहेबांना, फाटकापाशी झोपणाऱ्या कुत्रीलाही ‘येते’ म्हणून निघायच्या.

ईस्टर जवळ आला की त्या मामींकडे कांद्याची सालं मागायच्या. मामींच्या खळ्यावर सालांना काय तोटा! ती पाण्यात उकळून त्यात अंडी सोडली की तांबूस, जुन्या विटेसारखा रंग चढतो. हे त्या आपल्या आईकडून शिकल्या होत्या. पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात उपासनेला निघालो की मामी सडा घालत असायच्या. मिसबाई कुंपणावरून ओरडायच्या, “मामी, प्रभू उठला आहे!”

“उठला का? लई बरं झालं,” मामी म्हणायच्या. “आमचं ध्यान अजून घोरतंय.”

दर वर्षी हेच, आणि दर वर्षी दोघी तितक्याच हसायच्या.

रविवारी संध्याकाळी त्यांना नॉर्वेहून थोरल्या बहिणीचा फोन यायचा. या नाताळानंतरच्या एका रविवारी फोन ठेवून मिसबाई कपाळाला हात लावून बसल्या. “मी तिला ‘येते’ म्हटलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या भाषेत!” मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पुढच्या रविवारी बहिणीने सांगितलं, तुझ्यासाठी खोलीला रंग दिलाय, पलंग खिडकीजवळ सरकवलाय. मिसबाई हसल्या नाहीत.

“सांगून टाका,” मी म्हणाले.

“शहाऐंशी वर्षांची आहे ती. पलंग परत सरकवायला कसं सांगू?”

त्यांनी सांगितलं नाही. त्या गेल्या, आणि ते सांगणं माझ्याकडे आलं.

सोमवारी मिसबाईंच्या भाचीचा फोन आला. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची. “आई म्हणते, मावशी येते म्हणाली होती. आम्ही तिला घरी आणायचं का?” मी विचार करून कळवते म्हणाले.

कुठे पुरावं, हे मिसबाईंनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मामी पायरीवर बसून होत्या. “नेत्यात का आपल्या बाईला?” त्यांनी विचारलं. गप्प राहिले तर मिसबाई जाणार होत्या. बोलले तर एका म्हातारीला दिलेला शब्द काढून घेणार होते, आणि त्यात माझा फायदा होता. खरं सांगतानाही आपला फायदा असला की जीभ जड होते, हे त्या दिवशी कळलं.

मंगळवारी सकाळी मी फोन करून सगळं सांगितलं. मामींचा झाडू, वही, कुत्रीसुद्धा. भाची एकेक वाक्य आईला समजावत होती. शेवटी भाची म्हणाली, “आई विचारते, आमच्याकडे सुट्टीला निघताना ती तुम्हाला काय म्हणायची?”

“येते, असंच.”

“आणि यायची?”

“दर वेळी.”

पलीकडे दोघींचं काहीतरी बोलणं झालं. “आई म्हणते, मग तिला तिथंच राहू द्या. मला ती एकदाच म्हणाली, आणि तेही चुकून.”

बुधवारी आम्ही त्यांना गावच्या कबरस्थानात कडुलिंबाखाली मूठमाती दिली. ईस्टरच्या रविवारी पहाटे मी एकटी मेणबत्ती घेऊन निघाले. मामी कुंपणापाशी उभ्या होत्या, सडा घातला नव्हता. त्यांच्या हातात कांद्याच्या सालांची पिशवी होती.

“यंदा मागायला कुनी आलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. मग मेणबत्तीकडे बघून, “मास्तरीनबाई, उठला का?”

“उठला आहे, मामी.”

“मग चला,” म्हणून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याबरोबर आल्या. कबरीवरची माती अजून भुसभुशीत होती, तिच्यावर लिंबाचा मोहोर पडला होता. परत आल्यावर आम्ही अंडी रंगवली. मामी अंडी खात नाहीत. त्यांनी चूल सांभाळली.

आता घरात मी आहे, दोन खुर्च्या आहेत आणि त्यांची वही आहे. रविवारी संध्याकाळी नॉर्वेहून फोन येतो. भाची नसली तर आमचं बोलणं फार होत नाही, आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. फोन ठेवताना मिसबाईंची बहीण मराठीत ‘येते’ म्हणते. मी ‘या’ म्हणते.