मुठीएवढा भात

गणेशगुडीला काळी नदीवर राफ्ट चालवणाऱ्यांत महाबळेश्वर सगळ्यांत जुना. गावात त्याला माबळू म्हणत. मूळचा दिग्गीच्या बाजूचा, पण कामाच्या निमित्तानं तो गणेशगुडीतच भाड्याच्या खोलीत राही. लग्न राहूनच गेलं होतं. खोलीत एक स्टोव्ह होता, पण त्यावर त्यानं कधी चहासुद्धा ठेवला नाही. तिन्ही त्रिकाळ खाणं बाहेर. सकाळी रस्त्याकडेच्या हॉटेलात केळं घालून तळलेले फुगीर बन्स, दुपारी केशरक्काच्या खानावळीत मासे-भात, आणि संध्याकाळी पर्यटकांना लॉजवर सोडायला गेलं की गाइडला जेवण फुकट असायचं, म्हणून तिथं परत एकदा. अशी बरीच वर्षं गेली आणि माणूस नावाला शोभेल असा दिसू लागला. लाइफ जॅकेटचे पट्टे पुढून जुळेनात, तेव्हा हल्ली जॅकेटं आखूड येतात असं त्यानं ठरवून टाकलं.

पावसाळ्यासाठी राफ्टिंग बंद व्हायच्या सुमाराला मालकानं, म्हणजे अमोलनं, त्याला ऑफिसात बोलावलं. अमोल बेळगावचा, वयानं लहान, आणि वल्हं धरायला माबळूकडूनच शिकलेला. त्यामुळं तो खिडकीबाहेर बघत बोलला.

"माबळूदादा, विमावाल्यांनी नवीन नियम काढलाय. राफ्टवरच्या गाइडचं वजन नव्वदच्या आत पाहिजे."

"मग हाय की. माझं ऐंशीच्या आसपास असंल."

अमोलनं टेबलाखालचा वजनकाटा पायानं पुढं सरकवला. माबळू त्यावर चढला. काटा ऐंशीवर थांबला नाही, नव्वदवरही थांबला नाही, शंभराच्या तोंडाशी जाऊन थरथरत राहिला.

"काटा नवा हाय न्हवं?" माबळूनं विचारलं.

"दिवाळीनंतर सीझन सुरू होईल," अमोल म्हणाला. "तोवर बघा काय जमतं. न्हाईतर यंदा किनाऱ्यावर थांबा. जॅकेटं वाटायला पण माणूस लागतोच."

किनाऱ्याचं नाव ऐकून माबळूच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही. गेलं नाही म्हणजे दुसऱ्यांदा भात घेतला, तिसऱ्यांदा घेतला नाही.

रात्री त्यानं भाचीला फोन लावला. रक्षिता त्याच्या बहिणीची मुलगी, हुबळीला नर्सिंग शिकत होती.

"मामा, दिवसाला किती खाता तुमी?"

"थोडंच की."

"थोडं म्हणजे किती कॅलरी?"

"केशरक्काकडं तसलं काय लिवलेलं नसतंय बाळ. फळ्यावर नुसतं 'मासे जेवण' असतंय."

"मग अंदाज लावायचा. भात मुठीएवढा. मासा तळहाताएवढा. तेल-खोबरं अंगठ्याच्या पेराएवढं. आणि तळलेलं असलं की अंदाजाच्या दुप्पट धरायचं. आत किती तेल प्यालंय ते वरून दिसत न्हाई."

माबळूला ही रीत फार आवडली. तराजू नको, पुस्तक नको, हात तर कायम बरोबर. दुसऱ्या दिवशी केशरक्काच्या खानावळीत त्यानं ताटाशेजारी मूठ ठेवली आणि तिच्याएवढा भात घेतला. आता, जन्मभर वल्हं मारलेल्या माणसाची मूठ ती. सोललेल्या नारळाएवढी. तळहाताचं म्हणाल तर त्याच्यावर दोन बांगडे शेजारी शेजारी सुखानं झोपले असते. माबळू पोटभर जेवला आणि पथ्य एवढं सोपं असतं हे आजवर कुणी कसं सांगितलं नाही याचं त्याला नवल वाटलं.

पुढं पुढं तो अंदाज लावण्यात तरबेज झाला. पापड म्हणजे नुसती हवा, तो धरायचा नाही. सोलकढी औषधात जमा. उभ्याउभ्या खाल्लेलं जेवणात येत नाही, आणि लॉजवरचा आचारी पावसाळ्यातही ताट वाढी, ते फुकटचं असल्यामुळं त्याची कॅलरी अर्धी. उलट दोडक्याची भाजी त्याला मुळातच आवडत नसे. तिच्यात फार तेल असतं असा संशय घेऊन ती त्यानं संपूर्ण बंद केली.

महिन्याभरानं तो भाताच्या गिरणीवरच्या काट्यावर उभा राहिला. वजन थोडं वाढलं होतं. पावसात अंगाला ओल धरत असावी, असं त्यानं रक्षिताला कळवलं.

"ताटाचा फोटो पाठवा," ती म्हणाली.

त्यानं पाठवला. मिनिटाभरात तिचा फोन आला.

"मामा, ताटात मासा एक, आणि कडेला काटे दोघांचे. फोटो जेवायच्या आधी काढायचा असतोय."

गणेश चवथीला घरी जाताना रक्षिता मुद्दाम गणेशगुडीत उतरली आणि मामाबरोबर जेवायला बसली. त्यानं मूठ ठेवली, तशी तिनं आपली शेजारी ठेवली. नारळाशेजारी पेरू ठेवल्यासारखं दिसलं.

"ही मूठ धरायची," ती म्हणाली. "तुमची न्हवं."

"हे तर कावळ्याला ठेवतात तेवढं झालं."

"मामा, तुमाला नदीवर जायचं हाय का जॅकेटं वाटायची हायत?"

माबळूनं भात मागं सारला. त्या दिवसापासून मात्र तो खरोखर पेरूच्या मापानं जेवू लागला. ताट आलं की अर्धं बाजूला काढी आणि त्याच्याकडं पाठ फिरवून बसे. घास तोंडात घोळवत राही. पहिले काही दिवस रात्री त्याला झोप येईना. आढ्याकडं बघत तो बन्सांचा विचार करी.

पण या पथ्याचा त्रास भलत्यालाच झाला. शेजारच्या टेबलावरचे लाकडाचे ट्रकवाले माबळूला ओळखत. माबळूनं भात टाकलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते भाताचा वास घेऊन जेवले. तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. केशरक्का कमरेला पदर खोचून माबळूपुढं येऊन उभी राहिली.

"काय रे, माझ्या पोटावर पाय आणतोस व्हय? तांदूळ बदललास का म्हणून लोक इचारायलेत."

"तसं न्हाई अक्का. मला कॅलरी बघून खायचं हाय." मग त्यानं नव्वद किलोचं, अमोलचं आणि भाचीचं सगळं सांगितलं. शेवटी भीत भीत विचारलं, "तुमी आमटीत खोबरं किती घालता?"

"हाताला येईल तेवढं."

"आणि तेल?"

"कढई मागंल तेवढं."

आता हिच्या अंदाजावर आपण कसला अंदाज लावणार, असा चेहरा करून माबळू बसला. केशरक्काला त्याची दया आली. "चल आत," ती म्हणाली. आजवर तिनं कुठल्याच गिऱ्हाइकाला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. त्याच्यासमोर तिनं कढईत तेल ओतलं. माबळू धार बघत राहिला. धार थांबायची वाट बघत राहिला. मग रव्यात घोळलेला बांगडा आत पडला, आणि बाहेर निघाला तेव्हा कढईतलं तेल चांगलं खाली गेलेलं होतं.

"हे माझ्या पोटात जात होतं?" तो हळूच म्हणाला.

"आवडीनं," केशरक्का म्हणाली.

त्यानंतर ती त्याच्यापुरता मासा तव्यावर भाजून देऊ लागली, आमटी वरची पातळ वाढू लागली, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला स्वतःच सांगू लागली, "भात चांगला हाय बाबा. ह्येचं वजन जास्त झालंय." ट्रकवाले परत आले. पण त्यामुळं माबळूचं ताट साऱ्या गणेशगुडीचं झालं. बसचा कंडक्टर खिडकीतून ओरडून भज्यांची चौकशी करी. लॉजवरचा आचारी त्याला बघून जिलबीवर झाकण ठेवी. दिवाळीला गावी रक्षिताच्या आईनं, फुला तिचं नाव, पुढ्यात चकल्यांचा डबा ठेवला, तेव्हा त्यानं एक उचलली आणि ती इतक्या सावकाश खाल्ली की फुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, भावाला काहीतरी मोठा आजार झालाय आणि रक्षिता आपल्यापासून लपवतेय. समजूत घालता घालता रक्षिताच्या नाकी नऊ आले.

सीझनच्या तोंडावर अमोलनं काटा बाहेर काढला. माबळूनं मोबाइल, पाकीट, चपला, शर्ट असं एकेक उतरवलं. बनियनला हात घातला तेव्हा अमोल म्हणाला, "पुरे दादा." काटा नव्वदच्या अलीकडं, पण अगदी खेटून उभा राहिला. अमोलनं यादीत नाव घातलं. माबळूनं जॅकेट अंगात चढवलं. पट्टे जुळले. त्यानं ते दोनदा सोडून दोनदा लावले.

पहिल्याच फेरीला बेळगावच्या बँकेतली मंडळी होती. माबळू मागं आपल्या जागी बसला. मोठ्या धारेत, म्हणजे पाणी खडकांतून उसळत जातं तिथं, राफ्ट वळवायची त्याची एक रीत होती. वल्हं जरा पाण्यात टेकवायचं आणि अंग एका बाजूला टाकायचं, की राफ्ट मुकाट वळे. आपण वल्ह्यानं वळवतो असंच तो इतकी वर्षं समजत होता. धार आली. त्यानं अंग टाकलं. हलक्या झालेल्या त्या अंगाचा राफ्टला पत्ताही लागला नाही. ती सरळ खडकावर गेली, आपटून उसळली, आणि सगळी मंडळी आत राहिली, गाइड तेवढा नदीत.

तो वर आला तेव्हा तोंडात पाणी होतं. राफ्टमधल्या अश्विनी नावाच्या बाईंनी, सकाळीच शिकवल्याप्रमाणं, त्याच्या खांद्यावरचे पट्टे धरले आणि मागं झुकून एकटीनं त्याला आत ओढून घेतलं. माबळूनं आजवर कितीजणांना असं ओढलं होतं, पण त्याला ओढायची कुणाची छाती झाली नव्हती. तो राफ्टच्या तळाशी पडून खोकत राहिला.

"लागलं का हो?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "जड गेलो काय तुमाला?"

"छे. तसे हलकेच आहात की."

माबळू उठून बसला. अख्ख्या कंपनीनं त्याला पडताना पाहिलं होतं, किनाऱ्यावर पोरं पोट धरून हसत होती, आणि हा खुळ्यासारखा सगळ्यांकडं बघून हसत होता. संध्याकाळी रक्षिताला फोन करताना बाईंचं बोलणं त्यानं आधी सांगितलं आणि पडल्याचं सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या दिवसापासून पर्यटक यायच्या आत तो रिकामी राफ्ट घेऊन धारेपाशी जाऊ लागला. नवशिक्यासारखं वल्हं खोल घालून, दंड दुखेस्तोवर तो राफ्ट वळवायला शिकत होता. बाकीचे गाइड चहाचे पेले घेऊन काठावर बसत आणि "जरा खाऊन या दादा, वळंल" असं ओरडत. तो वल्हं परत खोल घाली. भूक चांगलीच लागलेली असायची, आणि पाण्याकडं लक्ष ठेवायचं असायचं.