तिसऱ्या ‘नको’नंतर

आम्ही शनिवार पेठेतली माणसं पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं एकदा विचारतो आणि तो ‘नको’ म्हणाला की त्याच्या शब्दाचा मान राखतो. याला बाहेरचे लोक आमचा कद्रूपणा म्हणतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हडपसरला फ्लॅट घेतला आणि सोनबानानांच्या शेजारी राहायला आले. तेव्हा कळलं, की आपण जन्मभर जो शब्द इतका गंभीरपणे घेतला त्याला इथे कोणी भीकही घालत नाही.

आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी नानांचा मळा होता. बिल्डरला जमीन देताना त्यांनी एकच अट घातली, इमारतीला बायकोचं नाव द्यायचं. म्हणून आम्ही ‘तुळजा हाइट्स’मध्ये राहतो आणि कुंपणापलीकडे नानांचा बंगला आहे. गंमत अशी, की खुद्द तुळजाबाई आमच्या इमारतीत कधी पाऊल टाकत नाहीत. गवारीची भाजी, धारोष्ण दूध, पुरणाच्या पोळ्या, सगळं सून ऋतिकाच्या हाती वर येतं. त्या स्वतः फाटकाशी उभ्या राहून बोलतात आणि तिथूनच परत जातात. जिन्याला भितात म्हणावं तर लिफ्ट आहे. सोसायटीतल्या बायका म्हणत, म्हातारी मानी आहे. मलाही तसंच वाटायचं.

नाना मात्र उलटे. पंचाहत्तरीचा माणूस, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात कायम आहेराची दोन-चार पाकिटं, ती वरच्या कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेली. रखवालदाराला मुलगी झाली, पाकीट. गॅसवाल्याने सिलिंडर आत आणून ठेवला, पाकीट. कोणाच्याही लग्नात जिलबीचं ताट नानांच्या हातात. त्यांच्या आग्रहातून सुटलेला माणूस अख्ख्या पंचक्रोशीत नसेल. मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो नाना, माणसाचं पोट आहे, पोतं नाही.”

“बाई, पयलं नको रीतीचं आसतं,” नाना मला समजावून सांगू लागले. “दुसरं लाजंचं. तिसरं नको म्हनताना हात जरा मागं येतो, तवा वाढायचं. एकदाच इचारून फुडं गेलो तर मानूस म्हनंल, ह्यांना द्यायचंच न्हवतं.”

शाळेत मी भल्याभल्यांना गप्प केलं होतं. इथे मीच गप्प बसले आणि ताटातली चौथी जिलबी खाल्ली.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलगा विक्रमने दोघांसाठी जपानची सहल ठरवली. चेरीला बहर येतो त्या दिवसांतली, पुण्याहून निघणारी, मराठी स्वयंपाक्यासकट. तुळजाबाई म्हणाल्या, “मला नको कुटं. गुडघं दुखत्यात.” नाना हसले आणि म्हणाले, “आसंच म्हनती ती.” मलाही हात-पाय धड आहेत तोवर कुठेतरी जायचं होतं, म्हणून मीही त्याच सहलीला नाव दिलं. विक्रमला तेवढाच आधार वाटला.

सहलीची व्यवस्थापक तेजस्विनी म्हणून एक हुशार, तरतरीत मुलगी होती. पहिल्याच दिवशी बसमध्ये माइक घेऊन तिने सांगितलं, “इथे टिप द्यायची पद्धत नाही. वेटर, ड्रायव्हर, रूम साफ करणारे, कोणालाच नाही. त्यांना ऑकवर्ड होतं. प्लीज, फोर्स करू नका.” बसमधल्या पेठांतल्या मंडळींनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. ज्या गुणापायी आम्ही जन्मभर टोमणे खाल्ले, तो एका सबंध देशाने उचलून धरला होता. मागच्या सीटवरून नाना मात्र पुटपुटले, “ह्ये काय रीतीचं झालं न्हाई.”

क्योतोजवळच्या एका लहान गावातल्या हॉटेलात आमचा मुक्काम होता. देवळांच्या पायऱ्या चढून-उतरून तुळजाबाईंचे पाय सुजले. त्यांच्या मजल्यावर खोल्या आवरायला एक बाई यायची, पन्नाशीची असेल, बारीक चणीची, करड्या रंगाचा एप्रन घातलेली. तिने न सांगताच गरम पाण्याचं घमेलं आणलं, जमिनीवर गुडघे टेकून तुळजाबाईंचे पाय त्यात सोडले, मग पुसून खाली उशी सरकवली. भाषेचा प्रश्नच नव्हता. तुळजाबाई मराठीत बोलायच्या, ती जपानीत, आणि दोघी माना डोलवायच्या. सहलीत तुळजाबाई हसल्याचं मी पाहिलं ते तेवढंच.

निघायच्या सकाळी नाना मला म्हणाले, “परक्या बाईनं आपल्या मानसाच्या पायाला हात लावला. आन् आपन रिकाम्या हातानं जायाचं?”

“नाना, तेजस्विनीने काय सांगितलंय?”

“ती पोर हाय. तिला काय कळतंय.”

मी लिफ्टपाशी बॅग घेऊन उभी होते. लांबलचक बोळाच्या दुसऱ्या टोकाला ती बाई चादरींची गाडी ढकलत होती. नानांनी खिशातलं पाकीट काढून, त्यात नोट घालून, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. ती कंबरेतून वाकली आणि तिने मान हलवली. नाना हसले, पाकीट पुढे केलं. तिने दोन्ही हात छातीशी घेतले, मागे सरकली. नानांनी तिसऱ्यांदा पुढे केलं. तिने हात मागे घेतले, आणि नानांना जी खूण हवी होती ती मिळाली. मी “अहो नाना!” म्हणून ओरडले, तर त्यांनी जेवणावळीत वाढप्याला थांबवतात तसा मला हात दाखवला. पाकीट तिच्या एप्रनच्या खिशात कोंबलं, खिशावर थोपटलं, आणि प्रसन्न चेहऱ्याने माझ्याकडे आले.

“घेतलं बगा,” ते म्हणाले. “तिसऱ्या डावाला सगळी घेत्यात.”

बस दारात लागली होती. सामान चढलं, माणसं मोजून झाली. तेवढ्यात ती बाई हॉटेलच्या आतल्या पातळ चपलांवरच धावत बाहेर आली. हातात ते पाकीट. ती बसकडे येतच होती, पण तिच्या मागून काळ्या कोटातला मॅनेजर आला आणि त्याने तिला थांबवलं. तिच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, काही विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याने ते पाकीट एका तबकात ठेवलं आणि ते दोघं बसपाशी येऊन नानांच्या खिडकीसमोर वाकले. मॅनेजर थोडा, ती जवळजवळ जमिनीपर्यंत.

“काय म्हनत्यात?” नानांनी विचारलं.

तेजस्विनीचा आवाज उतरला होता. “ते सॉरी म्हणतायत, नाना. त्यांच्या हॉटेलचा नियम आहे, गेस्टकडून पैसे घ्यायचे नाहीत. तिच्याकडे पाकीट सापडलं. आता तिला ड्यूटीवरून काढलंय. चौकशी करून ठरवणार.”

“आगं, तिनं घेतलं न्हाई! मी कोंबलं. सांग त्याला!”

तिने सांगितलं. मॅनेजर पुन्हा वाकला आणि अतिशय नम्रपणे काहीतरी बोलला. तेजस्विनी म्हणाली, “ते म्हणतात, पाहुण्यांची काही चूक नाही. पुढचं आम्ही बघू.”

नाना बसमधून खाली उतरले. टोपी काढली आणि त्या बाईपुढे हात जोडले. पाहुणा हात जोडतोय म्हटल्यावर ती आणखी खाली वाकली. नाना तिला उठवायला पुढे झाले तर ती दचकून मागे सरली. हा माणूस आपली माफी मागतोय, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. बसमधून कोणीतरी मोबाइलवर हे सगळं चित्रित करत होतं. मी त्याला माझ्या शाळेतल्या आवाजात तो बंद करायला लावला.

“मी येत न्हाई. बस जाऊ द्या,” नाना म्हणत होते. पण पुढची आगगाडी ठरलेली होती आणि बसमध्ये चाळीस माणसं होती. शेवटी तुळजाबाई खिडकीतून म्हणाल्या, “चला वर. तुमी थांबलात तर तिला जास्तीच तरास.” नाना चढले. बस वळेपर्यंत ती बाई वाकलेलीच होती. तिचा चेहरा शेवटचा पाहायलाही मिळाला नाही.

पुढची सगळी सहल मला धड आठवत नाही. चेरीची झाडं फुलली होती, लोक फोटो काढत होते आणि नाना बाकावर बसून एकच विचारत होते, “पोरी, फोन लाव ना तिथं.” तेजस्विनीने फोन केले, मेल केले. बिचारीने मनापासून केलं. उत्तर एकच यायचं, तेही फार गोड भाषेत. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, पुन्हा अवश्य यावं. त्या बाईबद्दल अवाक्षर नाही. पुण्यात आल्यावर विक्रम नानांना घेऊन सहल कंपनीच्या कचेरीतही गेला. तिथल्या साहेबाने चहा पाजला आणि विषय संपल्याचं सांगितलं. नानांना तिचं नावसुद्धा कळलं नाही. तिला घरी कोण आहे, नवरा कमावता आहे की तिच्या पगारावरच चूल चालते, हे काहीच कळलं नाही. “नाव आसतं तर निदान देवापुढं घेतलं आसतं,” ते मला म्हणाले.

एकदा फाटकाशी त्यांनी मला विचारलं, “बाई, तुमी लिफ्टपाशी व्हता. तिचं तोंड तुमाला दिसत व्हतं का?”

“लांब होते मी, नाना.”

“मी जवळ व्हतो,” ते म्हणाले. “ती भ्याली व्हती. मला वाटलं, लाजती.”

वैशाखात नानांच्या नातीचा साखरपुडा झाला. बंगल्यापुढच्या मांडवात पंगती बसल्या. जिलबीचं ताट अर्थातच नानांच्या हातात आलं. नवऱ्या मुलाकडची मंडळी नानांची कीर्ती ऐकून आलेली. मुलाचे चुलते, पहिलवान गडी, पानावर आडवा हात धरून मोठ्याने म्हणाले, “नको, नाना, बास!” आणि हसत वाट बघत राहिले.

नाना “बरं” म्हणाले आणि पुढच्या पानाकडे गेले.

चुलत्यांचा हात पानावर तसाच राहिला. पुढच्याने नको म्हटलं, नाना त्याच्याही पुढे गेले. अशी अख्खी पंगत त्यांनी पार केली आणि ताट जवळपास भरलेलंच परत आणलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. व्याही ऋतिकाला म्हणाले, “आमचं काय चुकलं का?” विक्रमने धावत जाऊन हातापाया पडून, पानापानावर जिलब्या टाकून वेळ निभावली. “नाना, असं काय करता?” तो चिडून म्हणाला.

पाहुणे गेले. मांडववाले खुर्च्या एकात एक अडकवत होते. मी तुळजाबाईंशेजारी बसले होते. नाना आले आणि आमच्यासमोर सतरंजीवर बसले.

“एक इचारू?” ते बायकोला म्हणाले. “मळा इकला तवा तू नको म्हनली व्हतीस.”

“व्हय.”

“ते खरंच नको व्हतं?”

तुळजाबाईंनी आमच्या इमारतीकडे पाहिलं. सगळ्या मजल्यांवर दिवे लागले होते, माझ्या गॅलरीतलाही. “मी लग्न होऊन आले ती त्या मळ्यात,” त्या म्हणाल्या. “हिरीवरची मोट मी हाकलीया. तीन डाव नको म्हनले तुमाला. तुमी पाटल्या करून आनल्या.”

“मला वाटलं...”

“ठावं हाय. तुमाला वाटलं, आसंच म्हनती.”

त्या रागावून बोलल्या नाहीत, तेच फार लागलं. त्या फाटकातूनच परत का जायच्या ते मला तेव्हा समजलं. मी कोणाच्या तरी नको म्हटलेल्या जागेवर घर थाटून बसले होते. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बायकोकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

ऋतिका चहाचे कप घेऊन आली. तिने एक मला दिला, दोन नानांपाशी ठेवले आणि आत गेली. नानांनी एक कप उचलून तुळजाबाईंपुढे धरला.

“च्या घेतीस?”

“नको,” तुळजाबाई म्हणाल्या.

त्या नेहमी असंच म्हणतात. एकदा नको म्हणतात आणि मग बशीत ओतून घेतात. मला माहीत होतं, नानांना तर पन्नास वर्षं माहीत होतं. दिवसभर त्या उपाशी राबल्या होत्या आणि त्यांना चहा हवा होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी पदर सावरला आणि नाना पुन्हा म्हणतील म्हणून वाट पाहिली.

नानांनी कप परत खाली ठेवला.