पडद्याचा टांगा

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत मागच्या खेपेला मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, की शाळेच्या फाटकापुढे रिकामा टांगा उभा करणाऱ्याला माझ्या तक्रारीवरून दंड झाला. ते चूक होतं. टांगा रिकामा नव्हता.

आज बडनेऱ्याला जाताना नेमका तोच टांगा मिळाला. टांगेवाले चाचा ओळखून म्हणाले, "बाई, तुमीच लिवलं होतं ना? अवो, पडदा बांधेल होता. रिकाम्या टांग्याले कोनी पडदा बांधते काय? आत एक बीबी बसली होती, पोरीले न्यायले आलेली."

सवारी बसलेली असली, तर दंड होत नाही. यांचा मात्र परवानाही आठ दिवस अडकला होता.

"मी आता काय करू?" मी विचारलं.

"लिवनाऱ्या तुमी. आता बी तुमीच लिवा."

डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, हा बाबांनी घरी दिलेला पहिला धडा. मी पडदा पाहिला आणि 'रिकामा' लिहिलं.

दंड नगरपालिका परत करील. बुडालेले आठ दिवस मीच भरून द्यायला हवेत ना? चाचांना ते अपमानाचं तर वाटणार नाही? सांगा. चूक मात्र मी येत्या सोमवारी, कचेरी उघडताच, लिहून देणार आहे.