क्वार्टरमागचं कॉफीचं झाड
पिंपरीचा आमचा औषधांचा कारखाना तेव्हा नवा होता, भोवती ज्वारीची शेतं होती. स्टोअरमध्ये एक कारकून होते, चिकमगळूरकडच्या डोंगरातल्या जुन्या कॉफीच्या मळ्यात वाढलेले. मराठी चांगलं बोलायचे, फक्त कॉफीला पुरुष करायचे. "हा कॉफी बाजारातला, राव. आमचा कॉफी वेगळा."

त्यांचे वडील मळ्यावर मुकादम होते. ते वारले आणि मालकाने राहतं घर दुसऱ्याला दिलं. येताना यांनी एक रोप आणलं होतं, ते क्वार्टरमागे लावलं. उन्हाळ्यात त्याच्यावर ओलं गोणपाट बांधायचे. आम्ही हसायचो. चार वर्षं नुसती पानंच आली.

एका चैत्रात सकाळी कामावर जाताना मी त्यांना हाक मारली. ते झाडाजवळ उकिडवे बसले होते. फांदीवर पाच-सहा पांढरी फुलं होती, मोगऱ्यासारख्या वासाची.

"तिकडे एका रात्रीत सगळा डोंगर असा होतो," ते म्हणाले.

"मग जाऊन या की एकदा."

"जाऊन उतरू कुणाकडे?"

त्यांनी कधी रजा घेतली नव्हती. त्या दिवशी मात्र जागचे हलले नाहीत.

"साहेबांना सांगा, गावाकडची माणसं आलीत."

मी तसंच सांगितलं.